शर्मन फेअरचाइल्ड

शर्मन मिल्स फेअरचाइल्ड (जन्म: ७ एप्रिल १८९६, ओनिऑन्टा, न्यू यॉर्क राज्य, मृत्यू: २८ मार्च १९७१, न्यू यॉर्क) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. हवाई छायाचित्रणासाठी तयार केलेला कॅमेरा, त्या कॅमेऱ्याच्या गरजेतून बांधलेली विमाने आणि त्यांच्या कंपनीच्या भांडवलावर उभा राहिलेला सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा उद्योग या तीन गोष्टींसाठी ते ओळखले जातात. विमानातून छायाचित्रे घेण्याची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती. मात्र आकाशातून घेतलेले छायाचित्र केवळ पाहण्यापुरते न राहता त्यावर पट्टी ठेवून जमिनीवरचे अंतर मोजता यावे, इतके ते विश्वसनीय व्हावे यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांत फेअरचाइल्ड यांचा वाटा मोठा आहे. योग्य क्षणी उघडणारे शटर, सपाट राहणारी फिल्म आणि स्थिर उडणारे विमान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज छायाचित्राचा नकाशा होत नाही, हे सूत्र त्यांच्या कारकिर्दीत सातत्याने दिसते.

कुटुंब व बालपण

शर्मन हे जॉर्ज विन्थ्रॉप फेअरचाइल्ड आणि जोसेफिन मिल्स शर्मन यांचे एकुलते एक अपत्य. आईच्या माहेरचे आडनाव त्यांना पहिले नाव म्हणून मिळाले. जॉर्ज फेअरचाइल्ड हे वृत्तपत्राचे मालक व उद्योजक होते. कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवणारी घड्याळे बनवण्याच्या धंद्यात त्यांनी मोठी मजल मारली. १९०७ ते १९१९ या काळात ते रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. १९११ साली काही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन जी नवी कंपनी स्थापन झाली, तिचे ते अध्यक्ष झाले. हीच कंपनी १९२४ पासून आयबीएम या नावाने जगप्रसिद्ध झाली.

अशा घरात वाढल्यामुळे शर्मन यांना पैशाची चणचण कधी भासली नाही. त्याचबरोबर यंत्रे उघडून पाहण्याची, त्यांत सुधारणा करण्याची मोकळीकही लहानपणापासून मिळाली. छायाचित्रणाची आवड त्यांना याच वयात लागली.

शिक्षण व आजारपण

१९१५ साली शर्मन यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यार्थिदशेतच त्यांनी कॅमेऱ्याचे शटर उघडणे आणि प्रकाशाचा झोत पडणे या दोन्ही क्रिया एकाच क्षणी घडवून आणणारी योजना तयार केली. अंधारात छायाचित्र घेताना झोत आधी पडला आणि शटर मागून उघडले, तर प्रकाश वाया जातो. या दोन क्षणांचा मेळ घालणे हा त्यांच्या पहिल्या प्रयोगाचा विषय होता. क्षणाचा हाच हिशेब पुढे हवाई कॅमेऱ्याच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणावर त्यांच्यासमोर आला.

हार्वर्डमध्ये असताना त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. कोरडी हवा आणि विश्रांती हाच उपाय मानला जाई. त्यानुसार ते ॲरिझोना राज्यात गेले आणि तेथील विद्यापीठात शिकू लागले. प्रकृती सुधारल्यावर ते पूर्वेकडे परतले व न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आजारपणामुळे त्यांचे शिक्षण असे तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांत झाले.

पहिले महायुद्ध आणि शटरचा प्रश्न

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. शर्मन यांनी सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रकृतीच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा दुसऱ्या कोणत्या मार्गाने युद्धकार्यात भाग घेता येईल याचा शोध ते वडिलांच्या मदतीने वॉशिंग्टनमध्ये घेऊ लागले. या शोधातून त्यांच्यापुढे हवाई कॅमेऱ्याचा प्रश्न आला.

त्या वेळच्या बहुतेक हवाई कॅमेऱ्यांत शटर फिल्मच्या अगदी पुढे बसवलेले असे. हे शटर म्हणजे एक पडदा. त्यात एक अरुंद फट असते. ती फट चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकते आणि तिच्यामागचा भाग क्रमाक्रमाने प्रकाशित होतो. स्थिर वस्तूचे चित्र घेताना याने फारसे बिघडत नाही. विमान मात्र या वेळात पुढे गेलेले असते. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे ४४ मीटर अंतर कापते. फटीला चित्र ओलांडण्यास सेकंदाचा विसावा भाग लागला, तर तेवढ्या वेळात विमान दोन मीटरांहून अधिक पुढे सरकते. याचा अर्थ चित्राची एक कड एका जागेवरून आणि दुसरी कड वेगळ्या जागेवरून घेतली जाते. रस्ते किंचित तिरके होतात, चौकोनी शेत लांबट किंवा आखूड दिसते. चित्र पाहून शत्रूची तोफ कोठे आहे हे कळेल, पण तिचे अंतर नेमके सांगता येणार नाही.

फेअरचाइल्ड यांनी शटर फिल्मजवळून काढून भिंगाच्या घटकांच्या मधोमध बसवण्याचा मार्ग धरला. भिंगाच्या मध्यभागी उघडमीट झाली की संपूर्ण चित्र एकाच वेळी प्रकाशित होते. कल्पना साधी असली तरी ती प्रत्यक्षात आणणे अवघड होते. हवाई कॅमेऱ्याचे भिंग मोठे असते. तेवढ्या मोठ्या छिद्रावरील पाती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पूर्ण उघडून पुन्हा मिटली पाहिजेत, आणि हजारो वेळा हे करूनही मोडता कामा नयेत. सरकारने या कामासाठी मंजूर केलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष खर्च कितीतरी वाढला. वरचा भार वडिलांनी उचलला. कॅमेरा पूर्ण होण्यापूर्वीच नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले.

फिल्म सपाट ठेवण्याचा प्रश्न

शटर सुधारल्याने चित्राच्या चुकीचे एक कारण दूर झाले. दुसरे कारण फिल्ममध्येच होते. युद्धाच्या आधी व युद्धकाळात काचेच्या पट्ट्यांवर, म्हणजे प्लेटवर, चित्रे घेण्याची पद्धत रूढ होती. काच जड असते, फुटते आणि विमानात थोड्याच संख्येने नेता येते. पण ती सपाट असते. फिल्म हलकी असते. एका गुंडाळीत शंभराहून अधिक चित्रे मावतात. परंतु तिला स्वतःचा आकार नसतो. गुंडाळून ठेवल्यामुळे तिला बाक येतो. तिच्या एका बाजूला जिलेटीनचा थर असतो. हा थर दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, त्यामुळे फिल्म आतबाहेर वळते. चित्राचा आकार जितका मोठा, तितका हा दोष वाढतो. जमिनीवर मोठ्या आकाराची सुटी फिल्म वापरणाऱ्या छायाचित्रकारांनाही हाच अनुभव येतो. कॅमेरा खाली रोखला की फिल्मचा मधला भाग धारकातून पुढे झुकतो आणि चित्राचा काही भाग अस्पष्ट येतो.

भिंगाने तयार केलेली प्रतिमा एका ठरावीक प्रतलावरच स्पष्ट असते. याला नाभीय प्रतल म्हणतात. फिल्म या प्रतलापासून थोडी सरकली की स्पष्टता कमी होते. मोजणीच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. चित्राच्या मध्यभागी प्रकाशकिरण फिल्मवर सरळ पडतात, परंतु कडेला ते तिरके येतात. तिरक्या किरणाच्या वाटेत फिल्म पुढे किंवा मागे झाली, तर किरण वेगळ्याच ठिकाणी पडतो. म्हणजे बिंदू आपली जागा सोडतो. उदाहरणार्थ, २३ सेंटिमीटर चौरस चित्र आणि १५२ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर चित्राच्या कोपऱ्यात किरण सुमारे ४५ अंशांहून थोडा अधिक कलतो. तेथे फिल्म ०.१ मिलिमीटर उचलली गेली, तर बिंदूही सुमारे ०.१ मिलिमीटर सरकतो. विमान ३,००० मीटर उंचीवर असेल, तर चित्राचे प्रमाण जवळजवळ १ : २०,००० असते. या प्रमाणात ०.१ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दोन मीटर. कागदाच्या जाडीएवढ्या फुगवट्याने शेताची हद्द दोन मीटर हलते. शटरमुळे होणारी चूक आणि फिल्ममुळे होणारी चूक या एकाच मापाच्या आहेत. एक सुधारून दुसरी तशीच ठेवणे व्यर्थ ठरते.

यावर अनेक उपाय करून पाहिले गेले. फिल्मच्या पुढे काच ठेवून ती दाबून धरणे हा एक उपाय. त्यात काचेवरची धूळ व ओरखडे चित्रात उमटतात, आणि घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन तिच्या ठिणग्यांच्या खुणाही पडतात. फिल्म दोन्ही बाजूंनी ताणून धरणे हा दुसरा. त्याने कडा सरळ होतात, पण मधला भाग नेहमीच सपाट होतो असे नाही. तिसरा उपाय निर्वाताचा. फिल्मच्या मागे अचूक घासून सपाट केलेली धातूची पट्टिका बसवतात. तिच्यावर बारीक खाचा व छिद्रे असतात. छिद्रांतून हवा ओढून घेतली की पुढच्या बाजूच्या हवेचा दाब फिल्मला पट्टिकेवर चिकटवून धरतो. चित्र घेऊन झाले की हवा आत सोडतात, फिल्म सुटते आणि पुढे गुंडाळली जाते.

यासाठी पूर्ण निर्वाताची गरज नसते. २३ सेंटिमीटर चौरस फिल्मचे क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस सेंटिमीटर असते. पुढील व मागील हवेच्या दाबात वातावरणाच्या एक दशांश एवढा फरक पडला, तरी फिल्मवर ५० किलोहून अधिक वजनाचा भार येतो. एवढा भार तिचा बाक मोडण्यास पुरेसा आहे. विमानात हवा ओढण्यासाठी बाहेरच्या बाजूस व्हेंच्युरी नळी लावत. ही नळी मध्ये निमुळती असते. विमानाच्या वेगाने तिच्यातून वारा वाहू लागला की निमुळत्या भागात दाब कमी होतो व कॅमेऱ्यातील हवा तिकडे खेचली जाते. पुढे इंजिनावर चालणारे पंपही वापरात आले.

निर्वाताची ही कल्पना एकट्या फेअरचाइल्ड यांची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या फिल्मच्या हवाई कॅमेऱ्यांतही ती योजलेली होती. फेअरचाइल्ड कंपनीच्या पुढील काळातील मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामधले शटर आणि फिल्मला मागून धरणारी निर्वात पट्टिका या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू लागल्या, हे त्यांचे वैशिष्ट्य. पद्धतीच्या काही मर्यादाही होत्या. पट्टिका व फिल्म यांच्यामध्ये धुळीचा एक कण राहिला, तरी त्या जागी उंचवटा होतो. फिल्मच्या कडा आधी चिकटल्या, तर मध्ये हवा अडकून फुगा राहतो. म्हणून खाचांची रचना हवा मध्यापासून बाहेर जाईल अशी करावी लागे आणि हवा ओढल्यानंतर चित्र घेण्यापूर्वी थोडा अवधी द्यावा लागे.

हेच तत्त्व जमिनीवरही उपयोगी पडले. ऑफसेट छापखान्यांतील मोठे प्रोसेस कॅमेरे फिल्मला निर्वातानेच धरत. प्लेट उठवताना फिल्म व प्लेट एकमेकींना घट्ट चिकटावीत म्हणून तेथे व्हॅक्युम फ्रेम वापरली जाई.

कंपनीची स्थापना व शहरांचे नकाशे

युद्धानंतर लष्कराने फेअरचाइल्ड यांच्या कॅमेऱ्यात रस घेतला. १९२० साली त्यांनी फेअरचाइल्ड एरियल कॅमेरा कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली. या कंपनीचा के-३ हा कॅमेरा अमेरिकन लष्कराने प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याचे चित्र ७ × ९ इंचांचे असे. मात्र शांततेच्या काळात लष्कराची खरेदी मर्यादित होती. केवळ कॅमेरे विकून धंदा चालणार नाही हे ओळखून फेअरचाइल्ड यांनी स्वतःच हवाई पाहणीचे काम सुरू केले.

१९२१ साली त्यांच्या कंपनीने न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची १०० छायाचित्रे विमानातून घेतली. प्रत्येक छायाचित्राची कड पुढच्या छायाचित्रावर चढेल अशी त्यांची आखणी होती. ती जोडून संपूर्ण बेटाचा एक सलग चित्रनकाशा तयार करण्यात आला. रस्ते, गोद्या, उद्याने व इमारती यांचे एवढे तपशीलवार दर्शन न्यू यॉर्ककरांना प्रथमच घडले. सरकारी कचेऱ्या व व्यापारी यांनीही या नकाशाची दखल घेतली. त्यानंतर इतर शहरांकडून मागणी येऊ लागली. १९२२ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात ग्रँड-मेर येथे कंपनीची शाखा निघाली. तेथे प्रामुख्याने जंगलांची पाहणी होत असे.

हवाई छायाचित्रांचा उपयोग मालमत्तेवरील कर ठरवण्यासाठीही होऊ लागला. जमिनीवरून मोजणी करताना सुटलेली घरे व बांधकामे छायाचित्रात लपत नसत. १९३४ साली कनेक्टिकट राज्याने आपल्या संपूर्ण भूभागाचे हवाई छायाचित्रण फेअरचाइल्ड यांच्या कंपनीकडून करून घेतले. एका संपूर्ण राज्याची अशी पाहणी होण्याची अमेरिकेतील ही पहिली वेळ होती. ही छायाचित्रे आजही कनेक्टिकटच्या राज्य ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येतात.

विमाननिर्मिती

पाहणीच्या कामासाठी सुरुवातीला युद्धातून उरलेली विमाने वापरली जात. त्यांत वैमानिक व छायाचित्रकार उघड्यावर बसत. तीन हजार मीटर उंचीवर थंडीने बोटे बधिर होत, वाऱ्याने कॅमेरा हाले, आणि पंख आडवे आल्याने खालचे नीट दिसत नसे. अशा स्थितीत कॅमेरा कितीही अचूक असला तरी काम अचूक होत नसे. फेअरचाइल्ड यांनी हवी तशी विमाने बांधून मिळतात का याची चौकशी केली. समाधान न झाल्याने त्यांनी स्वतःच विमान बांधण्याचे ठरवले.

१९२६ साली त्यांचे एफसी-१ हे विमान आकाशात झेपावले. त्याची कक्षा बंदिस्त व उबदार होती, खिडक्या मोठ्या होत्या आणि पंख वर बसवलेले असल्याने खालची जमीन मोकळी दिसे. जागा वाचावी म्हणून हे पंख मागे दुमडून ठेवता येत. त्याचे सुधारित रूप एफसी-२ लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल येथील कारखान्यात मोठ्या संख्येने बनले. छायाचित्रकारासाठी केलेले हे विमान टपाल व प्रवासी वाहतुकीसही सोयीचे ठरले. १९ ऑक्टोबर १९२७ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे पहिले टपाल की वेस्टहून हवानाला याच प्रकारच्या विमानाने गेले. रिचर्ड बर्ड यांच्या १९२८ ते १९३० च्या अंटार्क्टिका मोहिमेतही फेअरचाइल्डचे एक विमान होते.

१९२९ मध्ये फेअरचाइल्ड यांच्या विमान व्यवसायाचा ताबा दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेला. दोन वर्षांत त्यांनी तो परत विकत घेतला. पुढे मेरिलँड राज्यातील हेगर्सटाउन हे या व्यवसायाचे मुख्य केंद्र झाले. १९३६ साली विमाने व इंजिने यांची कंपनी वेगळी करण्यात आली आणि कॅमेरे व उपकरणे यांचा व्यवसाय स्वतंत्र राहिला. हाच व्यवसाय नंतर फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट या नावाने ओळखला जाऊ लागला.

दुसरे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धात हवाई टेहळणीला अभूतपूर्व महत्त्व आले. हल्ल्यापूर्वी लक्ष्य शोधणे, हल्ल्यानंतर किती नुकसान झाले ते पाहणे आणि अनोळखी प्रदेशाचे नकाशे तयार करणे ही सर्व कामे हवाई छायाचित्रांवर अवलंबून होती. या काळातील के-१७ हा कॅमेरा ९ × ९ इंचांचे चित्र घेई. त्याला ६, १२ किंवा २४ इंच नाभीय अंतराची भिंगे लावता येत, आणि फिल्मच्या पेटीत निर्वात पट्टिका असे. असे तीन कॅमेरे एकाच विमानात बसवून, एक सरळ खाली व दोन बाजूंना तिरपे रोखून, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा प्रदेश टिपण्याची पद्धत रूढ झाली. ज्या भागांचे नकाशेच नव्हते, अशा विस्तीर्ण प्रदेशांचे वैमानिकी नकाशे या पद्धतीने बनले.

फेअरचाइल्ड यांच्या विमान कंपनीने याच काळात पीटी-१९ हे प्राथमिक प्रशिक्षणाचे विमान हजारोंच्या संख्येने तयार केले. त्याची कॉर्नेल ही आवृत्ती राष्ट्रकुलातील देशांत वैमानिक घडवण्यासाठी वापरली गेली.

भारताशी संबंध

स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाने फेअरचाइल्डची सी-११९ ही मालवाहू विमाने घेतली. भारतात ती पॅकेट या नावाने परिचित होती. लडाखसारख्या दुर्गम भागात सैनिक, शिधा व दारूगोळा पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. विरळ हवेत अधिक जोर मिळावा म्हणून विमानाच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवण्याची युक्ती योजण्यात आली होती. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथील सुमारे ५,००० मीटर उंचीवरील धावपट्टीवर पॅकेट विमान उतरवले. एवढ्या उंचीवर असे विमान उतरवणे हा त्या काळी मोठा पराक्रम मानला गेला.

सिलिकॉन उद्योग

१९५७ साली कॅलिफोर्नियातील विल्यम शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून आठ तरुण शास्त्रज्ञ बाहेर पडले. त्यांना सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनवायचे होते. अनेक कंपन्यांनी त्यांना भांडवल देण्यास नकार दिला. शेवटी फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंटने भांडवल पुरवले व फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी स्थापन झाली. १९५९ साली तेथे जाँ हर्नी यांनी सपाट पृष्ठाचे ट्रान्झिस्टर बनवण्याची पद्धत शोधली. त्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी तिच्या आधारे एकाच चकतीवर संपूर्ण मंडल उभारण्याची कल्पना मांडली. आजच्या चिपा या पद्धतीतून विकसित झाल्या. १९६८ साली नॉइस व गॉर्डन मूर यांनी बाहेर पडून इंटेल ही कंपनी काढली. फेअरचाइल्डमधून निघालेल्या अशा कंपन्यांमुळे सिलिकॉन व्हॅली बहरली.

या उद्योगाचे छायाचित्रणाशी जवळचे नाते आहे. सिलिकॉनच्या चकतीवर मंडलाची नक्षी प्रकाशाच्या साहाय्यानेच उमटवली जाते, आणि ती उमटवताना चकती हलू किंवा वाकू नये म्हणून तिला खालून निर्वाताने धरून ठेवतात. हवाई कॅमेऱ्यातील फिल्म आणि कारखान्यातील चकती यांची गरज एकच आहे. पृष्ठ सपाट राहिले, तरच प्रतिमेचा प्रत्येक बिंदू आपल्या जागी पडतो.

अवकाशातील छायाचित्रण

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने कोरोना हे टेहळणी उपग्रह सोडले. त्यांतील सुरुवातीचे कॅमेरे इटेक या संस्थेच्या आराखड्यानुसार फेअरचाइल्डच्या कारखान्यात तयार झाले. आरंभी वापरलेली ॲसिटेट फिल्म अवकाशातील निर्वातात ठिसूळ होऊन तुटत असे. पॉलिएस्टरची फिल्म आल्यावर ही अडचण दूर झाली. १९ ऑगस्ट १९६० रोजी उपग्रहातून हवाई छत्रीने खाली येणारी फिल्मची कुपी प्रशांत महासागरावर अधांतरीच पकडण्यात आली. ती पकडणारे विमान सी-११९ प्रकारचेच होते.

१९७१ ते १९७२ मधील अपोलो १५, १६ व १७ या मोहिमांसाठी चंद्राचा नकाशा करणारा कॅमेराही फेअरचाइल्ड कंपनीने बनवला. त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ७६ मिलिमीटर व चित्राची बाजू ११४ मिलिमीटर होती. यानाच्या बाहेरच्या कप्प्यात हवाच नव्हती. त्यामुळे फिल्म हवेच्या दाबाने चिकटवण्याचा जुना उपाय तेथे निरुपयोगी होता. फिल्म सपाट ठेवण्यासाठी पुन्हा काचेच्या पट्टिकेचा आधार घेण्यात आला. तिच्यावर ठरावीक अंतरावर बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. फिल्म नंतर ताणली वा आकसली, तरी या फुल्यांच्या बदललेल्या अंतरावरून चूक किती झाली ते काढता येई. अपोलो १५ ची फिल्म ऑगस्ट १९७१ मध्ये अंतराळवीर अल्फ्रेड वर्डन यांनी परतीच्या वाटेवर यानाबाहेर येऊन काढून आणली. हे पाहण्यास शर्मन फेअरचाइल्ड हयात नव्हते.

व्यक्तिगत जीवन

१९२४ साली वडिलांच्या मृत्यूनंतर शर्मन यांच्याकडे आयबीएमचे मोठे भागभांडवल आले. ते या कंपनीचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक होते, आणि मृत्यूपर्यंत तिच्या संचालक मंडळावर होते. ते अविवाहित राहिले. जॅझ संगीत, ध्वनिमुद्रण, टेनिस व वास्तुरचना हे त्यांचे आवडीचे विषय होते. ध्वनिमुद्रणाच्या छंदातून त्यांनी त्या क्षेत्रातील उपकरणे बनवणारी कंपनीही काढली. न्यू यॉर्कमधील त्यांचे घर १९४१ साली बांधले गेले. त्यात मजल्यांना जोडणारे जिने नसून उतार होते. २८ मार्च १९७१ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

फेअरचाइल्ड यांना वडिलांच्या संपत्तीचा आधार होता, हे त्यांच्या चरित्रात दुर्लक्षिता येत नाही. ठरलेल्या रकमेपलीकडचा पहिल्या कॅमेऱ्याचा खर्च घरातून भागला नसता, तर तो प्रयोग अर्धवटच राहिला असता. मात्र वारसाने मिळालेला पैसा त्यांनी जोखमीच्या यंत्रांवर लावला आणि एका अडचणीतून पुढची अडचण दिसली की तीही आपलीच मानली. शटर सुधारल्यावर फिल्मकडे, फिल्मनंतर विमानाकडे आणि विमानानंतर नव्या उपकरणांकडे त्यांचे लक्ष वळले.

त्यांच्या कॅमेऱ्यांनी बॉम्बफेकीची लक्ष्ये दाखवली, तसेच जंगले, शेते व शहरे यांचे नकाशेही दिले. युद्धासाठी हवी असलेली अचूकता आणि शांततेत हवी असलेली अचूकता एकाच यंत्रातून आली. फेअरचाइल्ड कंपनीने कॅलिफोर्निया व अन्य भागांत घेतलेल्या जुन्या हवाई छायाचित्रांचा मोठा संग्रह आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयात आहे. किनारा किती सरकला, शेतीच्या जागी वस्ती केव्हा आली, कारखान्याचा कचरा पूर्वी कोठे टाकला जाई, अशा प्रश्नांची उत्तरे अभ्यासक या छायाचित्रांतून शोधतात. मोजणीयोग्य चित्र घेण्याची काळजी त्या वेळी घेतली गेली, म्हणूनच अनेक दशकांनंतरही त्यांवर पट्टी ठेवता येते.

त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान शिक्षण, विज्ञान व कला या क्षेत्रांना साहाय्य करते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील अभियांत्रिकी ग्रंथालय आणि कोलंबिया विद्यापीठातील जीवशास्त्र केंद्र यांना शर्मन फेअरचाइल्ड यांचे नाव देण्यात आले आहे.